क्रिया आणि संक्रांती : खेळाडू जेव्हा शिक्षक होतो

पोहता येणारा पोहायला शिकवू शकतो, उत्तम गाणारा उत्तम गुरू असतोच आणि मैदान गाजवलेला खेळाडू शिटी घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहिला की आपोआप चांगला प्रशिक्षक होतो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. शाळेला क्रीडाशिक्षक हवा असला, वस्तीतल्या मुलांना कुणीतरी दोन गोष्टी शिकवाव्यात असे वाटले, की आपण पहिली चौकशी करतो ती उमेदवार ‘कुठे खेळला’ याची. त्याने कधी कुणाला शिकवले आहे काय, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार बास्केटबॉल या एका खेळाच्या आधाराने प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तील पहिला अंक आठवेल. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद राजा अग्निमित्रापुढे येतो आणि निवाड्याचे काम परिव्राजिकेकडे सोपविले जाते. तिच्या बोलण्याचा आशय असा : कुणाची कला त्याच्या स्वतःच्या ठायी शोभून दिसते, तर कुणाचे वैशिष्ट्य ती दुसऱ्याच्या ठायी उतरविण्यात असते. ज्याला ही दोन्ही अंगे साधली तोच शिक्षकांच्या अग्रस्थानी बसण्यास योग्य. पहिल्या अंगासाठी कालिदासाने ‘क्रिया’ हा शब्द योजला आहे आणि दुसऱ्यासाठी ‘संक्रांती’, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. विशेष म्हणजे आचार्यांची परीक्षा घेताना त्यांना स्वतःला नाचावयास सांगितले जात नाही. शिष्येला नाचावयास सांगितले जाते. क्रिया आणि संक्रांती हे दोन शब्द हाती धरूनच आपण बास्केटबॉलच्या मैदानात उतरू.

१. शिक्षकाने घडविलेला खेळ

बहुतेक खेळ कुणी आणि केव्हा सुरू केले हे सांगता येत नाही. बास्केटबॉलचे तसे नाही. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो घडविला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही आणि बंदिस्त जागेतल्या कवायतीला विद्यार्थी कंटाळलेले, अशी त्याची अडचण होती. त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच नावाच्या फळांच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. तो सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता. म्हणून आजही बास्केटची कडी दहा फुटांवरच असते. वर्गातली एक अडचण सोडविण्यासाठी एका शिक्षकाने केलेली ही युक्ती होय.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तेथील संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या कारकीर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या संघाला पुढे अनेक नामवंत प्रशिक्षक लाभले. पण जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असलेला प्रशिक्षक एकच, तो म्हणजे खेळाचा जनक! बास्केटबॉल हा खेळावयाचा खेळ आहे, शिकवावयाचा नव्हे, असे त्याचे मत होते असे सांगतात. त्याच्याच हाताखाली खेळलेल्या फॉग ॲलन याने मात्र हे मत खोटे ठरविले आणि प्रशिक्षण हा आयुष्यभराचा व्यवसाय केला. एखादी गोष्ट निर्माण करणे, ती स्वतः करणे आणि ती दुसऱ्याला करावयास लावणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खेळाच्या पहिल्या पिढीतच दिसून आले होते.

२. अंगात असलेले आणि सांगता येणारे

असे का व्हावे? तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना याचे उत्तर परिचित आहे. गिल्बर्ट राइल याने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात एखादी गोष्ट ‘अशी आहे’ हे जाणणे आणि ती ‘कशी करावी’ हे जाणणे यांत भेद केला. मायकेल पोलान्यी याने पुढे असे दाखविले, की आपल्याला जितके सांगता येते त्याहून अधिक आपण जाणत असतो. सायकल चालविणारा तोल सावरतो. पण तो कोणत्या नियमाने सावरतो, हे त्याला विचारल्यास त्याला सांगता येत नाही.

बास्केटबॉलमधला अगदी प्राथमिक फटका घ्या. बास्केटजवळ धावत जाऊन फळीच्या आधाराने चेंडू आत टाकण्याला ‘ले-अप’ म्हणतात. महाविद्यालयीन खेळाडूने तो हजारो वेळा केलेला असतो. बारा वर्षांच्या मुलाने त्याला विचारले, ‘दादा, हे कसं करायचं?’ तर तो म्हणतो, ‘सोपं आहे रे, असं जायचं आणि असा टाकायचा!’ आणि स्वतः करून दाखवितो. मुलगा धावतो, चुकीच्या पायावर उडी घेतो आणि चेंडू फळीच्या मागे जातो. दादा पुन्हा करून दाखवितो. मुलगा पुन्हा चुकतो. तिसऱ्या वेळी दादाचा आवाज चढतो.

येथे दोष मुलाचा नाही. दादाच्या अंगात मुरलेल्या एका क्रियेत निदान पाच-सहा गोष्टी आहेत. उजव्या बाजूने जाताना शेवटची दोन पावले आधी उजवे, मग डावे अशी पडतात. उडी डाव्या पायावर घ्यावयाची आणि उजवा गुडघा वर उचलावयाचा. त्या झेपेत पुढे जाण्याचा वेग वर जाण्याकडे वळवावयाचा. नजर चेंडूवर नसून फळीवर आखलेल्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर हवी. चेंडू फेकावयाचा नसतो, हात पूर्ण उंच झाल्यावर अलगद ठेवावयाचा असतो. खेळाडूला या गोष्टी वेगवेगळ्या दिसत नाहीत. त्याच्या दृष्टीने ते एकच ‘असं’ असते. ते ‘असं’ पुन्हा सुटे करणे, हे शिक्षक होण्याचे पहिले पाऊल होय.

जाणता प्रशिक्षक हाच फटका उलट्या क्रमाने शिकवितो. आधी मुलाला बास्केटखाली उभे करून चेंडूशिवाय डाव्या पायावर उडी आणि उजवा गुडघा वर, एवढेच. मग जागेवरूनच चेंडू हातात घेऊन. मग एक पाऊल मागे. मग दोन पावले चालत. धावणे आणि ड्रिबल करीत येणे सर्वांत शेवटी. यात प्रत्येक पायरीवर मुलाला शेवटचा टप्पा आधीच येत असतो, त्यामुळे त्याची धांदल उडत नाही. हा क्रम खेळताना सुचत नाही, शिकविताना सुचतो. किंबहुना खेळाडू जितका निसर्गतः गुणी, तितके त्याला हे अवघड जाते, कारण त्याला स्वतःला या पायऱ्या चढाव्याच लागलेल्या नसतात.

३. जॉन वुडन : इंग्रजीचा मास्तर

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. जॉन वुडन याचा जन्म १९१० साली इंडियाना राज्यात झाला. बास्केटबॉलचे वेड असलेल्या या राज्यात तो लहानाचा मोठा झाला, शाळेच्या संघातून राज्यविजेता ठरला आणि पर्ड्यू विद्यापीठात असताना तीन वर्षे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची निवड झाली. १९३२ साली इंग्रजी विषय घेऊन तो पदवीधर झाला. त्याच्या नावावर मुक्त फेकीचे असे विक्रम सांगितले जातात, की शंभराहून अधिक फेकी लागोपाठ, एकही न चुकता. ‘क्रिये’च्या दृष्टीने पाहिले तर त्याच्याइतका अधिकारी खेळाडू मिळणे अवघड होते.

पदवी हाती आल्यावर तो केंटकी राज्यातल्या डेटन या गावी शाळेत इंग्रजीचा शिक्षक आणि खेळांचा प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. पहिल्या मोसमात त्याच्या संघाने ६ सामने जिंकले आणि ११ गमावले. देशातला अग्रगण्य खेळाडू शिकवीत असताना शाळेची मुले हरत होती. पुढे सुमारे चाळीस वर्षे त्याने प्रशिक्षण दिले. त्यात हारींची संख्या विजयांहून अधिक असलेला मोसम तो एकच. म्हणजे बदल झाला तो मुलांमध्ये नव्हे, शिक्षकामध्ये.

हा बदल कसा झाला? वुडनची प्रसिद्धी पुढे विद्यापीठाच्या प्रशिक्षकाची झाली, परंतु त्याआधी अकरा वर्षे तो शाळामास्तर होता, आधी डेटनला आणि मग साउथ बेंडच्या शाळेत. दिवसा तो व्याकरण आणि कविता शिकवी, संध्याकाळी चेंडू. या दोन कामांत त्याने भेद मानला नाही. स्पष्टीकरण, प्रात्यक्षिक, अनुकरण, दुरुस्ती आणि पुनरावृत्ती हा त्याचा क्रम वर्गातही होता आणि मैदानावरही. विद्यार्थ्याला आले नाही तर शिक्षकाने शिकविले असे म्हणता येत नाही, ही त्याची धारणा होती. आपल्याकडे ‘मी पोर्शन संपवला’ असे म्हणून समाधान मानण्याची जी रीत आहे, तिच्याशी ही धारणा ताडून पाहण्यासारखी आहे.

याच काळातली दुसरी गोष्ट. वर्गात मध्यम गुण मिळालेल्या मुलांचे पालक नाराज होत. मुलाने आपल्या परीने पुरता प्रयत्न केला होता काय, हा प्रश्न ते विचारीत नसत. वुडनला हे खटकले आणि १९३४ साली त्याने यशाची स्वतःची व्याख्या केली. आपल्या कुवतीप्रमाणे जितके चांगले होता येईल तितके होण्याचा आपण पूर्ण प्रयत्न केला, या जाणिवेतून येणारे मनःस्वास्थ्य म्हणजे यश, असा तिचा मथितार्थ आहे. या विचाराची मांडणी तो पुढची चौदा वर्षे करीत राहिला आणि पंधरा गुणांचा एक मनोरा त्याने तयार केला. व्याख्येत विजयाचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९४८ साली तो लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आला. तेथे मोसमाच्या पहिल्या दिवशी तो खेळाडूंना काय शिकवी? पायमोजे घालणे! देशभरातून निवडून आणलेल्या तगड्या तरुणांना तो स्वतः पायमोजा घालून दाखवी. करंगळीजवळ आणि टाचेपाशी सुरकुती राहता कामा नये. सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो आणि सराव बुडला की मुलगा मागे पडतो. मग बुटाची नाडी प्रत्येक छिद्रापाशी ताणून कशी बांधावयाची, तेही. अनेकांना याचे हसू आले असेल. परंतु ‘एवढे तर त्यांना येतच असेल’ असे गृहीत न धरण्याची शिस्त यात आहे आणि नवशिक्या शिक्षकाचा घात बहुधा याच गृहीतामुळे होतो.

४. दोन मानसशास्त्रज्ञांची मोजदाद

कुणी म्हणेल, की या साऱ्या आठवणी झाल्या. थोर माणसांभोवती अशा गोष्टी जमतच असतात. सुदैवाने वुडनच्या अध्यापनाची प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे. रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ हवाई बेटांतील मुलांच्या शिक्षणाच्या प्रकल्पावर काम करीत होते. उत्तम शिक्षक नेमके काय करतो, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी शाळेतला वर्ग न निवडता वुडनचे मैदान निवडले. १९७४-७५ हा वुडनचा शेवटचा मोसम होता. या दोघांनी प्रेक्षकांच्या बाकांवर बसून पंधरा सराव पाहिले, तो जे जे बोलला आणि जे जे त्याने केले ते नोंदवून वर्गवारी केली. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांचा लेख १९७६ साली प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. मोठा प्रशिक्षक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्फूर्तिदायक भाषणे, पाठीवरची थाप किंवा करडा आवाज उभा राहतो. प्रत्यक्षात निव्वळ स्तुतीच्या नोंदी ६.९ टक्के आणि निव्वळ कानउघाडणीच्या ६.६ टक्के भरल्या. ‘चला, उठा, जोर लावा’ अशा धर्तीचे बोलणे १२.७ टक्के होते. निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५०.३ टक्के, नोंदी केवळ सूचनांच्या होत्या : काय करावयाचे, कसे करावयाचे, केव्हा करावयाचे. आणखी ८ टक्के नोंदींमध्ये कानउघाडणी होती, पण तिच्या पाठोपाठ लगेच योग्य पद्धत सांगितलेली होती. सगळे जमेस धरता तो जे बोलला त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भागात खेळाविषयीची काही ना काही माहिती होती. ‘शाबास’ आणि ‘मूर्खा’ या दोन्ही शब्दांत माहिती नसते. शाबासकीने मुलगा सुखावतो, शिवीने दुखावतो. पण पुढच्या वेळी पाऊल कुठे टाकावयाचे, हे त्याला दोन्हींतून कळत नाही.

त्याच्या प्रात्यक्षिकाची तऱ्हाही या अभ्यासकांनी टिपली. खेळाडू चुकला की वुडन आधी योग्य कृती करून दाखवी, मग खेळाडूने केलेली चुकीची कृती हुबेहूब करून दाखवी आणि लगेच पुन्हा योग्य कृती. हे सारे अवघ्या काही सेकंदांत आटोपे. वर वर्णन केलेल्या दादाशी याची तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. दादा फक्त बरोबर ते दाखवितो. आपण केले ते आणि दादाने केले ते यांत फरक कुठे पडला, हे मुलाला दिसत नाही. वुडन तो फरक डोळ्यांपुढे मांडतो.

याच दोघांनी २००४ साली आपल्या जुन्या अभ्यासाचा फेरविचार केला. मैदानावर त्यांना जे दिसले होते, त्यामागची तयारी तेव्हा पुरेशी लक्षात आली नव्हती, असे त्यांनी नमूद केले. वुडन रोज सकाळी सहायकांबरोबर बसून सरावाचा आराखडा करी. मिनिटामिनिटांचे ते वेळापत्रक तो लहान पत्त्यांवर लिहून घेई, मागील वर्षांच्या नोंदी ताडून पाही आणि कोणत्या खेळाडूला आज काय सांगावयाचे तेही ठरवून येई. दोन तासांच्या सरावासाठी जवळपास तितकाच वेळ तयारीत जाई. म्हणूनच त्याला मैदानावर भाषण करावे लागत नसे.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. वुडनच्या संघाने बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. परंतु त्याच्याकडे करीम अब्दुल-जब्बार, बिल वॉल्टन यांच्यासारखे असामान्य उंचीचे आणि गुणांचे खेळाडू होते. मग श्रेय शिकविण्याचे की खेळाडूंचे? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि पहिले अजिंक्यपद १९६४ साली आले, म्हणजे वुडन त्या विद्यापीठात आल्यानंतरच्या सोळाव्या मोसमात, आणि त्या संघाच्या पहिल्या पाच जणांत साडेसहा फूट उंचीचा एकही खेळाडू नव्हता. अब्दुल-जब्बार आला तो त्यानंतर.

५. एकाच मुलासाठी

संघाचा प्रशिक्षक आणि कौशल्याचा शिक्षक यांत आणखी एक भेद आहे. पहिल्याला सामना जिंकावयाचा असतो, दुसऱ्याला एक खेळाडू घडवावयाचा असतो. अमेरिकेत आज कौशल्य-प्रशिक्षण हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. महाविद्यालयाकडून खेळलेले, परंतु व्यावसायिक संघात न गेलेले अनेक तरुण शाळकरी मुलांना एकेकट्याने किंवा छोट्या गटांत शिकवितात. या परंपरेतील दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत.

रे मायर हा नोत्र दाम विद्यापीठाचा माजी कर्णधार. १९४२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो शिकागोच्या डी पॉल विद्यापीठात प्रशिक्षक झाला. तेथे त्याला जॉर्ज मायकन भेटला : सहा फूट दहा इंच उंच, जाड भिंगांचा चष्मा, चालताना अडखळणारा. अशा धिप्पाड मुलाला बास्केटबॉल जमणार नाही, अशीच त्या काळची समजूत होती आणि नोत्र दामने त्याला परत पाठविले होते. मायरने त्याला दोरीवरच्या उड्या मारावयास लावल्या, मुष्टियुद्धाचे हात शिकविले, एवढेच नव्हे तर पायांत लय यावी म्हणून नाचावयासही लावले. बास्केटखाली उभे राहून एकदा उजव्या बाजूने उजव्या हाताने, एकदा डाव्या बाजूने डाव्या हाताने, चेंडू जमिनीला टेकू न देता अखंड फटके मारावयाचे, असा सराव त्याने रोज शेकड्यांनी करून घेतला. हा सराव आजही जगभर ‘मायकन ड्रिल’ या नावाने ओळखला जातो. १९५० साली वार्ताहरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू म्हणून मायकनचीच निवड केली. मायरने त्याला जे दिले, ते मायरच्या स्वतःच्या खेळात नव्हते. सहा फूट दहा इंचांच्या शरीरात राहणे कसे असते, याचा मायरला अनुभव कोठून असणार? त्याने स्वतःचा खेळ मुलावर लादला नाही. समोरच्या शरीराला काय हवे, ते शोधून काढले.

दुसरे उदाहरण पीट नेवेल याचे. लोयोला विद्यापीठाचा हा माजी खेळाडू. प्रशिक्षक या नात्याने त्याने १९५९ चे राष्ट्रीय अजिंक्यपद आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर त्याने संघांचे प्रशिक्षण सोडले. १९७६ साली कर्मिट वॉशिंग्टन हा व्यावसायिक खेळाडू त्याच्याकडे पायांचे काम शिकावयास आला. बड्या व्यावसायिक संघात असलेल्या या खेळाडूला पाऊल कसे फिरवावे आणि पाठीवरच्या प्रतिस्पर्ध्याला कसे चुकवावे, हे पुन्हा प्रारंभापासून शिकावे लागले. त्याची प्रगती पाहून इतर येऊ लागले आणि त्यातून उंच खेळाडूंसाठी दरवर्षीचे शिबिर उभे राहिले. हकीम ओलाजुवान, शकील ओनील यांसारखे खेळाडू तेथे येऊन गेले. नेवेलने या शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. ‘संक्रांती’चा हा आदर्श नमुना म्हणावा लागेल.

६. मुलांचे मैदान

प्रौढ खेळाडूंसाठी जे योग्य तेच लहान मुलांसाठी योग्य, असे समजणे ही नवशिक्या प्रशिक्षकाची दुसरी मोठी चूक. दहा फुटांची कडी आणि मोठा चेंडू आठ वर्षांच्या मुलाला दिला, तर चेंडू वर पोहोचावा म्हणून तो तो कमरेपासून, सारे अंग वाकवून भिरकावतो. ही लकब एकदा अंगात बसली की पुढे काढणे फार कठीण जाते. अमेरिकेतील व्यावसायिक संघटना एन. बी. ए. आणि राष्ट्रीय संस्था यूएसए बास्केटबॉल यांनी २०१६ पासून मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत म्हणूनच सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी कडी आठ फुटांवर आणि चेंडू पाच क्रमांकाचा, तर नऊ ते अकरा वयोगटासाठी कडी नऊ फुटांवर आणि चेंडू सहा क्रमांकाचा सुचविला आहे. दहा फूट त्यानंतर. नेस्मिथच्या सज्जाची उंची ही निसर्गाची आज्ञा नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

याहून अवघड प्रश्न जिंकण्याचा आहे. शाळेच्या संघाने आजच्या आज जिंकावयाचे असेल, तर सोपा मार्ग असा : सर्वांत उंच मुलाला बास्केटखाली उभे करावयाचे, सर्वांत चपळ मुलाकडे चेंडू द्यावयाचा आणि बाकीच्यांना ‘मध्ये येऊ नका’ म्हणून सांगावयाचे. चषक मिळतो. परंतु चौदाव्या वर्षी इतर मुलांची उंची वाढते, तेव्हा त्या उंच मुलाला ड्रिबल येत नसते आणि बाकावर बसलेली मुले केव्हाच घरी गेलेली असतात. प्रशिक्षकाचे नाव होते, मुलांचे नुकसान होते. मुलांच्या प्रशिक्षकाची खरी कसोटी चषकात नसून, तीन वर्षांनी त्यांतील किती मुले अजून आनंदाने खेळत आहेत, यात आहे.

बाकावरच्या मुलाचा विषय निघाला म्हणून वुडनच्या चरित्रातील आणखी एक घटना सांगतो. १९४७ साली तो इंडियाना राज्याच्या शिक्षक महाविद्यालयाचा प्रशिक्षक असताना त्याच्या संघाला एका राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. वुडनच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. तोही प्रमुख पाचांतला नव्हे, राखीव. वुडनने निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी तो नियम उठला, संघ गेला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. राखीव खेळाडूसाठी सगळ्या संघाची संधी सोडणारा प्रशिक्षक मुलांना त्या दिवशी जे शिकवितो, ते कोणत्याही कवायतीत बसत नाही.

७. उपसंहार

या साऱ्या विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. उत्तम खेळणे ही उत्तम शिकविण्याची पूर्वअट असू शकते, हमी नव्हे. स्वतःच्या अंगातली क्रिया सुटी करून पाहणे, चुकीची आणि बरोबर कृती शेजारी शेजारी ठेवून दाखविणे, स्तुती आणि रागापेक्षा माहिती अधिक देणे, सरावाआधी कागद घेऊन बसणे आणि समोरच्या मुलाच्या वयाला व शरीराला अनुसरून मैदान बदलणे, ही कौशल्ये खेळाहून वेगळी आहेत. ती वेगळी शिकावी लागतात आणि शिकता येतात, हे वुडनच्या पहिल्या मोसमाने आणि नंतरच्या चाळीस वर्षांनी दाखवून दिले आहे.

आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या विषयाचे अगत्य वाटावे, याला आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी बरेच जण पुढे बी. एड. करून शाळांत जातील. जिमखान्याच्या संघातून खेळणाऱ्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द बहुधा शेवटच्या परीक्षेबरोबर संपते. व्यावसायिक खेळाची वाट फार थोड्यांसाठी मोकळी असते. विद्यापीठाचा रंग मिळविलेले जर्किन कपाटात जाते आणि दहा वर्षांत अंगात मुरविलेली विद्या तिथेच थांबते. ती थांबू नये असे वाटत असेल, तर गावच्या शाळेतले एखादे मैदान, एक कडी आणि संध्याकाळचा एक तास एवढे साहित्य पुरेसे आहे. मात्र तेथे पहिल्या दिवशी आपला सर्वांत देखणा फटका मारून दाखविण्याचा मोह आवरावा. मुलांना रांगेत बसवावे, त्यांच्या बुटांच्या नाड्या पाहाव्यात, आणि ज्यांच्याकडे बूट नसतील त्यांच्यासाठी आधी मैदानावरचे खडे वेचावेत. शिकविण्याचा आरंभ तेथून होतो.